लिनक्सवर विंडोजचे गेम फुल स्क्रीन होताना घोळ घालतात, उपाय सुचवा

अर्धापडदा

मंडळी, महिनाभरापूर्वी विंडोज पुसून लिनक्सवर आलो. बाकी सगळं सुरळीत आहे, अडलंय ते गेमपाशी. चालत नाहीत असं नाही, चालतात. फक्त फुल स्क्रीन म्हटलं की रडगाणं सुरू.

माझा सेटअप: केडीई प्लाझ्मा डेस्कटॉप, वेलँड सेशन (वेलँड म्हणजे लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवायची नवी पद्धत). मुख्य मॉनिटर २५६० × १४४०, त्याला १२५ टक्के स्केलिंग, कारण डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत. शेजारी एक जुना १९२० × १०८० मॉनिटर.

तक्रार पहिली: स्टीमवरचा एक नवा गेम फुल स्क्रीन होतो, पण धुरकट दिसतो. त्याच्या यादीत सर्वांत मोठं रिझोल्यूशन २०४८ × ११५२ आहे. हा आकडा कुठून आला कळत नाही, माझा मॉनिटर तर असा नाही.

तक्रार दुसरी: नव्वदच्या दशकातला एक स्ट्रॅटेजी गेम, ८०० × ६०० वाला. लुट्रिस या गेम लाँचरमधून लावलाय. चित्र कधी कोपऱ्यात इवलंसं, कधी आडवं ताणलेलं. बटणावर क्लिक करावं तर ते बोटभर बाजूला लागतं. आल्ट-टॅब करून परत यावं तर काळा पडदा. आणि माउस कडेला नेऊन नकाशा सरकवायला गेलो की कर्सर शेजारच्या मॉनिटरवर फिरायला जातो.

करून पाहिलेले उपाय: प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) तीन आवृत्त्या, ग्राफिक्स ड्रायव्हर काढून परत टाकणे, गेम काढून परत टाकणे. कृपया ड्युअल बूट, म्हणजे लिनक्सशेजारी परत विंडोज टाकणं, सुचवू नये.

रात्रपाळी

ड्युअल बूट. 😄

(पळतो.)

खुडबुड्या

ड्रायव्हर काढून परत टाकलात म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं झालं. ड्रायव्हर बिचारा निर्दोष आहे.

तुमच्या दोन तक्रारी दिसायला जुळ्या असल्या तरी त्यांचे आईबाप वेगळे आहेत. आधी पहिली घेऊ, ती सोपी आहे.

२५६० ला १.२५ ने भागा. २०४८. आता १४४० ला भागा. ११५२. सापडला आकडा?

बहुतेक विंडोज गेम वाइन किंवा त्यावरच बेतलेल्या प्रोटॉनमार्फत अजूनही एक्स११ ची, म्हणजे वेलँडच्या आधीच्या जुन्या पद्धतीची, भाषा बोलतात. वेलँडमध्ये त्या भाषेचा दुभाषी म्हणजे एक्सवेलँड. स्केलिंग १२५ टक्के असेल आणि जुन्या ॲप्सना मोठं करायचं काम सिस्टिमकडे सोपवलेलं असेल, तर एक्सवेलँड गेमला सांगतं की मॉनिटर २०४८ × ११५२ चाच आहे. गेम इमानदारीत तेवढं चित्र काढतो आणि प्लाझ्मा ते ताणून २५६० वर बसवतं. म्हणून धुरकट.

उपाय: सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या पानावर खाली लेगसी ॲप्लिकेशन्ससाठी एक पर्याय आहे. तिथे ‘सिस्टिमने स्केल करावं’ ऐवजी ‘ॲपने स्वतः स्केल करावं’ निवडा. मग स्टीम पूर्ण बंद करून, म्हणजे ट्रेमधूनही घालवून, परत चालू करा. यादीत २५६० × १४४० दिसायला हवं.

त्यातही दिसलं नाही तर स्केलिंग तात्पुरतं १०० टक्के करून बघा. तेव्हा दिसलं तर आजार हाच, याबद्दल शंका नको.

दुसऱ्या तक्रारीबद्दल एक विचारायचंय. लुट्रिसमध्ये त्या गेमला रनर कुठला लावलाय? साधं वाइन की प्रोटॉन?

अर्धापडदा

साधं वाइन. कुठल्याशा जुन्या व्हिडिओत जुन्या गेमना तेच बरं असं सांगितलं होतं.

खुडबुड्या

मग तिथेच पाणी मुरतंय.

जुन्या गेमांची सवय अशी की सुरू होताच ते मॉनिटरलाच हुकूम सोडतात: ८०० × ६०० हो. नव्वदच्या दशकात सीआरटी मॉनिटर निमूटपणे होत असे. वेलँडमध्ये मात्र कुठल्याही ॲपला परस्पर मॉनिटरचा मोड बदलता येत नाही, एक्सवेलँड फक्त बदलल्याचं नाटक करतं. आता वाइन, एक्सवेलँड आणि विंडो मॅनेजर या तिघांचं त्या नाटकाबद्दल एकमत झालं नाही की चित्र एका मापाचं आणि माउस दुसऱ्या मापाचा. तुमचं क्लिक बोटभर बाजूला लागतं ते यामुळे.

प्रोटॉनमध्ये यावर २०१८ साली, पहिल्या आवृत्तीपासूनच तोडगा आहे. गेमला वाटतं मोड बदलला, प्रत्यक्षात मॉनिटर आहे तसाच राहतो आणि चित्र तेवढं ताणून बसवलं जातं. साध्या वाइनला ही सोय बराच काळ नव्हती. १०.० मध्ये, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, ती प्रायोगिक म्हणून आली, पण आपसूक चालू नसते.

तेव्हा आधी लुट्रिसमध्ये रनर बदलून प्रोटॉन लावा. किंवा गेमची एक्झी फाइल स्टीममध्ये नॉन-स्टीम गेम म्हणून जोडा आणि प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली प्रोटॉन सक्तीचं करा. अर्धं दुखणं तिथेच जाईल.

जुनाखेळाडू

मी वाइन विसाव्या शतकापासून वापरतोय (१९९३ ला सुरू झालं ते, मी जरा उशिरा आलो). तेव्हापासूनचा रामबाण म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप. वाइनकॉन्फिग उघडा, ग्राफिक्स टॅबमध्ये ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’च्या चौकटीत टिक करा, माप द्या, संपलं. गेम त्या चौकटीत वाट्टेल ते हुकूम सोडो, बाहेर कोणी ऐकत नाही. त्याच टॅबमध्ये फुल स्क्रीनला माउस आपोआप पकडून ठेवायचाही पर्याय आहे, कर्सर फिरायला जाणं त्याने थांबतं.

एकच काळजी घ्या. वाइनकॉन्फिग त्या गेमच्याच प्रीफिक्समध्ये, म्हणजे वाइनने त्या गेमसाठी मांडलेल्या नकली विंडोजच्या फोल्डरमध्ये, उघडायचं. लुट्रिसमध्ये गेमवर क्लिक करून वाइनच्या मेनूतून उघडता येतं, स्टीमच्या गेमसाठी प्रोटॉनट्रिक्स लागतं. टर्मिनलमधून नुसतं वाइनकॉन्फिग म्हटलं तर होम फोल्डरमधला भलताच प्रीफिक्स उघडतो, आणि माणूस तासभर ‘सेटिंग लागतच नाही’ म्हणत बसतो. मी दोन संध्याकाळ बसलो होतो.

चौकटराजा

जुनाखेळाडू, आदर आहेच, पण व्हर्च्युअल डेस्कटॉप गेमला आवरतो, मोठं करत नाही. ८०० × ६०० ची चौकट १४४० च्या मॉनिटरवर टाकली तर टपाल तिकीट दिसेल. धागाकर्त्यांचे डोळे पूर्वीचे राहिले नाहीत म्हणतात.

आजच्या घडीला याचं उत्तर गेमस्कोप. स्टीमवाल्या वाल्वचाच छोटा कंपोझिटर (खिडक्यांचं चित्र जुळवून पडद्यावर टाकणारा प्रोग्राम) आहे, स्टीम डेकवर गेम मोडमध्ये तोच चालतो. गेमभोवती तो आपला स्वतंत्र पडदा उभा करतो. आत गेमला हवं ते माप, बाहेर मॉनिटरचं खरं माप, मधलं ताणायचं काम गेमस्कोपचं. फोकस गेला हेही गेमला आत कळत नाही, त्यामुळे आल्ट-टॅबचा काळा पडदा बहुतेक वेळा याने जातो.

स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये असं लिहायचं (वाचायला देवनागरीत देतोय, टाइप अर्थात रोमनमध्ये करा): आधी गेमस्कोप हे नाव, मग डॅश छोटा डब्ल्यू ८००, डॅश छोटा एच ६००, डॅश मोठा डब्ल्यू २५६०, डॅश मोठा एच १४४०, डॅश छोटा एफ. मग जागा सोडून नुसते दोन डॅश, परत जागा, आणि शेवटी दोन टक्के चिन्हांच्या मधे कमांड हा शब्द. ते सुटे दोन डॅश विसरणारे बहुसंख्य आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

छोटी अक्षरं गेमचं माप, मोठी अक्षरं मॉनिटरचं माप. एवढं लक्षात ठेवलं की पुरे. छोटा एफ म्हणजे फुल स्क्रीन.

वर दोन आवडीचे पर्याय. डॅश मोठा एस आणि पुढे इंटिजर असं दिलंत तर चित्र पूर्णांक पटीतच वाढतं: ८०० × ६०० चं १६०० × १२००, प्रत्येक पिक्सेल काटेकोर चौकोनी, चारी बाजूंना काळी पट्टी. नाही दिलंत तर उंची पूर्ण भरून १९२० × १४४० होतं आणि डावी-उजवीकडे ३२०-३२० पिक्सेलच्या पट्ट्या राहतात. पिक्सेल आर्टला मला पहिलं आवडतं. डॅश मोठा एफ आणि एफएसआर (चित्र मोठं करायची एक पद्धत) हा दुसरा, तो कडा रेखीव करतो. नव्या थ्रीडी गेमना छान, जुन्या टूडी गेमच्या अक्षरांची मात्र वाट लावतो.

कर्सर तरीही पळाला तर फोर्स-ग्रॅब-कर्सर नावाचा पर्याय आहे. लुट्रिस आणि हिरोइक या लाँचरमध्ये गेमस्कोपच्या सेटिंगला तयार रकाने आहेत, तिथे हे सगळं टाइप करावं लागत नाही.

जुनाखेळाडू

तिकिटाचं मान्य. पण गेमस्कोपला व्हल्कन ही नवी ग्राफिक्स प्रणाली नीट चालवणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. माझ्याकडच्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडतच नाही. ज्यांचं यंत्र माझ्यासारखंच पिकलेलं आहे त्यांनी व्हर्च्युअल डेस्कटॉपला नावं ठेवू नयेत.

चौकटराजा

+१, हे राहिलं होतं. शिवाय स्टीमचं ओव्हरले काही वेळा गेमस्कोपमध्ये रुसतं. म्हणून साध्या उपायाने भागत असेल तर आधी तोच.

पिक्सेलवेचा

नव्वदच्या दशकातला टूडी गेम असेल तर तो बहुधा डायरेक्टड्रॉवर (विंडोजची टूडी चित्र काढायची जुनी सोय) चालतो, आणि त्यावर सीएनसी-डीड्रॉ हा फार गुणी तोडगा आहे. त्याची डीड्रॉ नावाची डीएलएल आणि आयएनआय फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची. मग वाइनकॉन्फिगच्या लायब्ररीज टॅबमध्ये डीड्रॉ हे नाव जोडून ‘नेटिव्ह, मग बिल्टइन’ असं ठेवायचं. हे केलं नाही तर वाइन आपलीच डीड्रॉ वापरत राहतं आणि फोल्डरमधली फाइल शोभेची होते.

आयएनआयमध्ये विंडोड आणि फुलस्क्रीन दोन्ही ट्रू केलं की बिनकडेच्या खिडकीत पूर्ण पडदा भरतो. मेन्टास ट्रू केलं की ४:३ चं प्रमाण राखलं जातं, सैनिक बुटके दिसत नाहीत.

एकओळी

नव्या गेममध्ये ‘बॉर्डरलेस’ असेल तर ‘एक्सक्लुझिव्ह फुल स्क्रीन’च्या वाटेला जाऊच नका.

रात्रपाळी

आता गंभीरपणे. फुल स्क्रीनलाच गेम कोसळत असेल आणि मेनूपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर सेटिंग बाहेरून बदलता येतं. युनिटी या गेम इंजिनवरचे गेम लाँच ऑप्शन्समध्ये स्क्रीन-फुलस्क्रीन ० घेतात, सोबत स्क्रीन-विड्थ आणि स्क्रीन-हाइट. अनरिअल इंजिनवाल्यांची गेमयूजरसेटिंग्ज नावाची आयएनआय असते, तीत फुलस्क्रीनमोडसमोर ० म्हणजे खरी फुल स्क्रीन, १ म्हणजे बिनकडेची खिडकी, २ म्हणजे साधी खिडकी. ती फाइल प्रीफिक्सच्या आत, विंडोजच्या वापरकर्त्याच्या ॲपडेटामध्ये सापडते. स्टीमचे प्रीफिक्स स्टीमॲप्सखाली कॉम्पॅटडेटामध्ये, गेमच्या आकडी आयडीच्या फोल्डरात.

एक्सअकरावाला

आम्ही अजून एक्स११ वर. इथे उलटी गंमत: गेम खरोखरच मोड बदलतो, आणि मधेच कोसळला तर डेस्कटॉप ६४० × ४८० वर अडकून बसतो. सेटिंगची खिडकीसुद्धा पडद्यात मावत नाही. अशा वेळी टर्मिनलमध्ये एक्सरँडआर, डॅश एस, शून्य. मी हे एका कीबोर्ड शॉर्टकटलाच बांधून ठेवलंय.

सफरचंदवाली

लिनक्स नाही, मॅक आहे, पण खुडबुड्यांचा भागाकार वाचून डोक्यात प्रकाश पडला. क्रॉसओव्हरमध्ये (वाइनवरच बेतलेलं विकतचं ॲप) माझ्याही गेमला निम्मंच रिझोल्यूशन दिसत होतं. त्या गेमच्या बॉटलचा (क्रॉसओव्हरमधला प्रीफिक्स) ‘हाय रिझोल्यूशन मोड’ चालू केला, यादी पूर्ण झाली. रेटिना पडद्याची दुप्पट आड येत होती.

अर्धापडदा

सगळ्यांचे आभार. काल रात्री एकेक करून पाहिलं.

नवा गेम: लेगसीचं सेटिंग बदललं, २५६० × १४४० आलं, चित्र लख्ख. स्टीमची अक्षरं मात्र मुंगीएवढी झाली होती, ती त्याच्या इंटरफेस सेटिंगमधून मोठी केली.

जुना गेम: आधी फक्त प्रोटॉन लावलं. क्लिक जागेवर आलं, कोपऱ्यातलं चित्रही गेलं. आल्ट-टॅब तेवढा राहिला, तो गेमस्कोपने सुटला. (हो, सुटे दोन डॅश विसरलो होतो.) इंटिजर ठेवलंय. कर्सर पळत होता, फोर्स-ग्रॅबने तो मॉनिटरवरच थांबला, पण मेनूत कासवासारखा चालतोय. आणि गेमच्या सुरुवातीची चित्रफीत काळी, नुसता आवाज. एस्केप दाबलं की गेम लागतो.

खुडबुड्या

चित्रफीत काळी आणि आवाज चालू, हे बहुतेक व्हिडिओ कोडेकचं दुखणं, फुल स्क्रीनचं नाही. जीई-प्रोटॉन (प्रोटॉनचा बाहेरच्या मंडळींनी सुधारलेला अवतार) लावून बघा, त्यात जास्तीचे कोडेक असतात.

चौकटराजा

आणि फोर्स-ग्रॅब काढून नुसता डॅश छोटा जी देऊन पाहा. तो कीबोर्ड पकडून ठेवतो, माउसला हात लावत नाही, त्यामुळे कासव तरी पळेल. कर्सर मग परत शेजारी जायला लागला तर गेम चालू असेपर्यंत दुसरा मॉनिटर बंद ठेवा. मी तेच करतो, लाज वाटते पण करतो.