खानापुरात (जि. बेळगाव, कर्नाटक) कमी भाड्याचं घर, सरकारी काही मदत मिळते का?

जांबोटीची सून
आमचं गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीला. पावसात शेवटची बस चुकली की तिथंच झोपतो. म्हणून जूनच्या आत खानापुरात बिऱ्हाड करायचंय. दोन घरं बघितली. एक 4,500 भाडं, 40,000 डिपॉझिट. दुसरं आश्रय कॉलनीतलं (सरकारी योजनेतलं घर), 2,500, डिपॉझिट नको म्हणतोय, पण करारपत्रही करणार नाही म्हणे. सासूबाई म्हणतात घेऊन टाक. माझं मन धजत नाही. नणंद बेळगावात बी.कॉम.ला, तीही आमच्याकडंच राहील. माझा आधार अजून माहेरचा, महाराष्ट्रातल्या चंदगडचा. भाड्याला सरकारी काही मिळतं का?

खानापूरकर काका
ताई, आश्रयचं घर सोडा. सरकारनं ते त्या माणसाला राहायला दिलंय, भाड्यानं लावायला नव्हे. उद्या कुणी तक्रार केली तर तुमच्या हातात कागद काय? मी एकदा असाच बिनकागदाचा राहिलो होतो, गणपतीच्या तोंडावर भांडी रस्त्यावर आली.

भाड्यावर थेट सूट देणारी योजना मागू नका, इतर खर्च कमी करा. 11 महिन्यांचं करारपत्र झालं की गृहज्योतीला, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेला, भाडेकरूही अर्ज करू शकतो. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे मीटरच्या जोडणीचा नंबर, नवऱ्याचा आधार आणि करार लागतो. मीटर वेगळा आहे का आधी बघा, आणि आधीच्या भाडेकरूनं आपला आधार त्या नंबरवरून काढलाय का तेही. किती युनिट फुकट ते मीटरच्या जुन्या सरासरीवर ठरतं. 200 च्या वर गेलं की सगळं बिल तुमचं. वीज फुकट असून मालक दरमहा "लाइटचे" म्हणून पैसे घेतोय, हे आमच्याच गल्लीत चाललंय!

बीकॉम झालेली
नणंदेसाठी विद्यासिरी बघ, कर्नाटक सरकारची विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाला मदत. बीसीएम (मागासवर्ग कल्याण खात्याच्या) हॉस्टेलला अर्ज करून जागा मिळाली नाही, तर महिन्याला ठरलेली रक्कम 10 महिने मिळते. अर्ज एसएसपी, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर. जातीचा नि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, मराठा असाल तर 3बी या मागास गटाचा. उत्पन्नाची मर्यादा आणि कॉलेजपासून घराच्या अंतराची अट मात्र तालुक्याच्या ऑफिसात विचारून घे.

जांबोटीची सून
आणि चंदगडचा आधार? शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, तरी कंडक्टर मला तिकीट देतोच की.

खानापूरकर काका
देणारच, शक्तीला कर्नाटकातला पत्ता लागतो. नवऱ्याला कुटुंबप्रमुख दाखवून, लग्नाचा दाखला जोडून ऑनलाइन पत्ता बदलता येतो. त्याच्या मोबाइलवर मेसेज येतो, त्यानं आधारच्या पोर्टलवर 30 दिवसांत मंजुरी द्यायची. नणंदेचा बसप्रवास तर आधीपासूनच फुकट, खानापूर-बेळगाव रोजचं. आणि उद्यमबाग खानापूर रोडवरच, नवरा मधेच उतरेल.

शिफ्टवाला
4,500 वाल्याला सांगा, डिपॉझिटचे 20,000 आत्ता, बाकी दोन-दोन हजारांनी. मी असंच केलं. पण ते करारात लिहून घ्या. करार कन्नडमध्ये असेल तर सही आधी करू नका, वाचणारा माणूस बरोबर न्या. माझ्या करारात दरवर्षी भाडं 10 टक्के वाढणार होतं, मला कळलं दुसऱ्या वर्षी.

जांबोटीची सून
नणंदेला कन्नड वाचता येतं. रविवारी तिलाच घेऊन जाते. सासूबाईंना तेवढं 2,500 चं काय सांगू ते सुचवा कुणीतरी.