कोलोनिया देल साक्रामेन्तोची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न (खानापूर): आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी उरुग्वेतील या नदीकाठच्या जुन्या शहरावर लिहीत आहे. सीमाभागातील वाचकांना नेमके काय सांगावे?

उत्तर (निपाणी): सुरुवात १६८० पासून करावी. ब्युनोस आयरेसच्या समोर, ला प्लाता नदीच्या पलीकडच्या काठावर मॅन्युएल लोबो यांनी पोर्तुगालसाठी हे ठाणे स्पॅनिशांच्या नाकावर टिच्चून वसवले. त्याच वर्षी स्पॅनिशांनी ते जिंकले आणि पुढच्याच वर्षी तहानुसार परत केले. पुढे जवळपास शतकभर, रणांगणावर जिंकलेले गाव युरोपातल्या तहाच्या मेजावर पुन्हा हातचे जावे, असेच चालले. चोरट्या व्यापारामुळे दोघांनाही ते सोडवत नव्हते. अखेर १७७७ मध्ये पेद्रो दे सेवायोस यांनी ते स्पेनसाठी कायमचे घेतले आणि तटबंदी पाडायला लावली. या तहांत तिथल्या रहिवाशांना कोणी विचारले नाही, हे आपल्या भागात तरी अवश्य लिहावे.

उत्तर (बेळगाव): निपाणीच्या सरांशी सहमत आहे, मात्र रस्त्यांना विसरू नका. स्पॅनिश वसाहती चौकटीच्या आखणीत बसवल्या जात, तर इथल्या पोर्तुगीज गल्ल्या जमिनीच्या उताराप्रमाणे वळतात. 'उसाशांची गल्ली' पाहा: ओबडधोबड दगडांची फरसबंदी, पाणी वाहून जाण्यासाठी मधोमध उतरती केलेली, दोन्ही बाजूंना बैठी घरे आणि टोकाला नदी. या जुन्या भागाला १९९५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

प्रश्नकर्ता (खानापूर): दोघांचेही मनःपूर्वक आभार. तहांचा भाग विस्ताराने घेतो आणि सोबत गल्लीचे रेखाचित्र देतो.