पुस्तकांआधी थेंब आणि श्वास मोजायला शिकवा

मुलीला जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) प्रवेश मिळालाय, घरी काय पक्कं करून घ्यावं, असं इथे एका पालकांनी विचारलंय. बहुतेकांनी ॲनाटॉमीची पुस्तकं सुचवलीत. ती लागतीलच. पण मुंबईत वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर सांगते, मुली अडकतात त्या गणितात. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचंय, सेट (सलाईनची थेंब पाडणारी नळी) २० थेंबांना १ मिलीचा, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे कागद-पेनावर झटपट यायला हवं. बारीक थेंबांच्या मायक्रो सेटमध्ये १ मिलीला ६० थेंब असतात. तो हातात आला की जुनं उत्तर चालत नाही, आणि तो बहुतेकदा लहान मुलांनाच लावलेला असतो.

दुसरं, श्वास. नाडी-बीपी सगळ्या घेतात, श्वासाच्या रकान्यात मात्र न मोजताच २० लिहून मोकळ्या! मनगट धरून ठेवायचं, नाडी मोजतोय असं भासवायचं आणि पूर्ण मिनिट छातीकडे बघायचं. सांगून मोजलं की पेशंटचा श्वास बदलतो. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. त्यावर चढत गेला तर सिस्टरांना लगेच सांगायचं, बीपी पडायची वाट बघायची नाही.

हात धुणं कॉलेज शिकवेलच. मोडकीतोडकी भोजपुरी आली तर मुंबईत सोन्याहून पिवळं.