मदत हवी आहे: कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणासाठी कोणती रायफल, कोणतं काडतूस?

नमस्कार मंडळी. डेन्व्हरजवळ राहतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण झालाय, आता पहिल्या एल्कच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद, त्यामुळे घरात विचारावं असं कुणी नाही. इथे शिकार करणारं कुणी असेल तर कृपया सांगा.

एल्कचा नर ३०० किलोच्या पुढे जातो, हाडं जाड. रायफल टिक्का टी३एक्स लाइट जवळजवळ ठरली आहे. वजन ३ किलोच्या आसपास, डोंगर चढताना बरी. गाडी अडलीय ती काडतुसावर. ६.५ क्रीडमूरचा धक्का सौम्य, नेम छान बसतो, पण खांद्याच्या हाडातून गोळी पुरेशी आत जाईल का? .३०० विन्चेस्टर मॅग्नममध्ये ताकद भरपूर, पण इतक्या हलक्या रायफलीत तिचा धक्का बसला की माणूस ट्रिगर दाबण्याआधीच दचकायला लागतो, अशी मला भीती आहे. मधला मार्ग म्हणून ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम किंवा जुनं भरवशाचं .३०-०६ घ्यावं का?

३५० यार्डांपलीकडे गोळी झाडायची नाही, हे पक्कं आहे. वारा ओळखता येत नसेल तर जनावर जखमी होऊन निसटतं, आणि ते मला अजिबात नको.

गोळी संपूर्ण तांब्याची घ्यावी की शिशाची, बाँडेड (आतलं शिसं बाहेरच्या आवरणाला घट्ट जोडलेली)? आणि ज्यांनी हलक्या रायफलीतून मॅग्नम वापरलंय, त्यांनी धक्क्याची सवय कशी केली?