हेडलाइटच्या पिवळ्या, धुरकट काचा घरी साफ केल्यात का? अनुभव सांगा

गाडी कितीही धुवा-पुसा, समोरून बघितलं की मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. काच म्हणतो आपण, पण आताच्या गाड्यांना ती पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. तिच्यावर कारखान्यात दिलेला कडक, पातळ थर असतो. ऊन तो थर खातं आणि मग खालचं प्लास्टिक पिवळं पडत जातं. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये चाचण्या केल्या, तेव्हा अशा खराब काचांतून नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता. तर कोणी काय केलं आणि मुख्य म्हणजे किती टिकलं, तेही लिहा. दुसऱ्या दिवशीचे फोटो काय, सगळ्यांचेच झकास येतात.

—

टूथपेस्ट. हसू नका, फरक पडतो! त्यात घासणारे बारीक कण असतात, वरवरचा धूसरपणा निघतो. पण काही आठवड्यांत पुन्हा जैसे थे. गाडी विकायला काढली असेल तर उत्तम उपाय.

—

मी वॉटर पेपरवाला, म्हणजे पाणी लावून घासायच्या सँडपेपरने काम करणारा. आधी काचेभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, नाहीतर बॉनेटच्या कडेचा रंग गेलाच म्हणून समजा. मग ८०० नंबरचा पेपर (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक), भरपूर पाणी मारत. सुरुवातीला पिवळट पाणी ओघळतं, तो जुना थर निघतोय. ते पांढरं, दुधाळ दिसायला लागेपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. बहुतेकांची घाई इथेच नडते. नंतर १०००, १५००, २०००, जमलं तर ३०००. एक पेपर आडवा फिरवला तर पुढचा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते लगेच दिसतं. मधल्या टप्प्यात काच आधीपेक्षा वाईट, पूर्ण पांढरी दिसते. घरातले येऊन "हे काय करून ठेवलंस?" विचारतात. विचारू द्यावं. शेवटी कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, लावून पॉलिश करायचं. ड्रिलला पॅड लावलं असेल तर एका जागी थांबू नका, प्लास्टिक तापून कायमचा डाग पडतो.

—

वरच्या प्रतिसादात खरं काम राहिलंच की! घासून तुम्ही कारखान्याचा उरलासुरला थरही काढलात. आता ते प्लास्टिक उन्हात उघडं, काही महिन्यांत आधीपेक्षा लवकर पिवळं होणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून वर यूव्ही संरक्षक थर द्यायलाच हवा. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. मी दोन भाग मिसळायचा टू-के क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, स्प्रेने मारतो. माझ्या गाडीवर तो काही वर्षं टिकलाय. मात्र त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर हवा आणि काम उघड्यावर करायचं. हे झेपत नसेल तर कापडाने पुसून लावायचं कोटिंग घ्या. कमी टिकतं, पण छातीला त्रास नाही.

—

वॉटर पेपरवाला परत आलोय. मान्य. मी पुसायचं कोटिंग लावतो, लिहायचं राहिलं. पण स्प्रेचे ओघळ आले की पुन्हा सगळं घासा, म्हणून त्या वाटेला जात नाही.

—

माझ्या काचा कितीही घासल्या तरी धुरकटच. शेवटी कळलं की धूसरपणा आतून आहे. हेडलाइटला हवा खेळायला छोटी झाकणं असतात, त्यातलं एक बुजलं होतं. त्यामुळे आत पाणी धरून राहायचं. बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य. घासण्याआधी काच ओली करून बघा. ओली असताना ती स्वच्छ दिसली तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे. तशीच दिसली तर पेपर विकत आणायच्या आधी आत बघा. आतला चकचकीत परावर्तक काळवंडला असेल तर सरळ अख्खा दिवा बदलावा.

—

डास चावू नयेत म्हणून अंगाला मारायचा स्प्रे काचेवर मारा असं सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ करतं, म्हणून क्षणभर चमक येते. रंगावर उडालं तर तोही खराब होतो.

—

एक शंका. माझी डावी काच पिवळी आहे, उजवी बरी. असं का होतं?

—

गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी करता का? डावीवर ऊन जास्त येत असणार. दोन्ही घासा, नाहीतर उजेड एकसारखा पडणार नाही. आणि थर दिल्यावर वाळेपर्यंत धूळ बसू देऊ नका.