मुलाच्या लीगचं नाव 'पॉप वॉर्नर', हे वॉर्नर नक्की कोण होते?

शरयू_एडिसन
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, मित्रांचं बघून यंदा त्यानेही फुटबॉलचा हट्ट धरला (आपला नाही, इकडचा हेल्मेटवाला) आणि शेवटी पॉप वॉर्नरच्या टीममध्ये नाव घातलं. फॉर्मबरोबर शाळेचं रिपोर्ट कार्ड पण मागितलं, अभ्यासात मागे पडलेलं चालत नाही म्हणाले, ते मला फार आवडलं. परवा गाडीत लेक विचारतो, आई हा पॉप वॉर्नर कोण गं? मला काही सांगता येईना. घरी येऊन शोधलं तर एकीकडे महान कोच, खेळच बदलून टाकला वगैरे, आणि दुसरीकडे जिम थॉर्प नावाच्या त्यांच्या खेळाडूच्या ऑलिंपिक मेडलवरून त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहिलेलं. मध्येच ते कार्लाइल इंडियन स्कूल सारखं येतंय, इंडियन म्हणजे इकडचे मूळ रहिवासी एवढं कळलं, बाकी गोंधळ आहे. माहीतगारांनी जरा नीट सांगा ना, मुलाला अर्धवट काही सांगायचं नाहीये.

मैदानवेडा
ताई, माझा अत्यंत आवडता विषय काढलात, त्यामुळे थोडं लांबेल. ग्लेन स्कोबी वॉर्नर, जन्म १८७१, न्यूयॉर्क राज्यातलं स्प्रिंगव्हिल गाव. कॉर्नेलला वकिली शिकायला गेला तेव्हा टीममधल्या बाकी पोरांपेक्षा वयाने मोठा, म्हणून सगळे 'पॉप' म्हणजे बाबा म्हणायला लागले आणि तेच नाव आयुष्यभर चिकटलं. १८९५ ला जॉर्जिया आणि आयोवा स्टेट अशा दोन कॉलेजांचं कोचिंग एकाच वर्षी केलं, मग कॉर्नेल, आणि १८९९ ला पेन्सिल्वेनियातलं कार्लाइल. खरी गोष्ट इथे सुरू होते.

कार्लाइलची पोरं अंगाने लहान. समोर हार्वर्ड, पेन असली मोठमोठी कॉलेजं, आणि तेव्हाचा खेळ म्हणजे नुसती रेटारेटी, सगळ्यांनी एकमेकांना धरून समोरच्याच्या अंगावर घुसायचं. रेटून आपण जिंकत नाही हे वॉर्नरने ओळखलं आणि वेग, चकवा आणि डोकं यावर टीम बांधली. ३१ ऑक्टोबर १९०३ ची हार्वर्डची मॅच मुलाला नक्की सांगा. कार्लाइलमधल्या एका शिंप्याकडून जर्सीच्या खालच्या कडेला इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. हार्वर्डने किक मारली, क्वार्टरबॅक (टीमचा खेळ चालवणारा) जिमी जॉन्सनने बॉल पकडला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि आतल्या आत त्याने बॉल चार्ली डिलनच्या जर्सीत पाठीवर सरकवला. मग सगळे वेगवेगळ्या दिशांना सुटले, काहींनी डोक्यावरच्या टोप्या काढून बॉलसारख्या पोटाशी धरलेल्या. डिलन दोन्ही हात मोकळे सोडून पळतोय, त्याच्याकडे बॉल असेल असं कुणाला वाटणार, हार्वर्डवाले शोधत बसले आणि हा पाठीवर बॉलचं कुबड घेऊन थेट गोललाइनपार! मॅच हरले, १२-११, पण ती धाव आजही सांगितली जाते.

१९०५ च्या सीझनमध्ये मैदानावर इतकी मुलं मेली की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लक्ष घालावं लागलं, मग नियम बदलले आणि १९०६ पासून फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली. बहुतेक कोच त्याला हात लावायला घाबरत होते. वॉर्नरने पोरांकडून तो घोटून घेतला आणि १९०७ ला फिलाडेल्फियात पेनला त्यांच्याच मैदानावर २६-६ ने हरवलं, पीट हाउजर लांबलांब पास टाकत होता. सिंगल विंग फॉर्मेशन, म्हणजे खेळाडू उभे करायची एक रचना, पण त्याचीच, त्यात बॉल थेट मागे उभ्या असलेल्या टेलबॅककडे जातो. तुमचा मुलगा जे पॅड घालेल त्याच्या सुधारणेतही वॉर्नरचा हात आहे.

पुढे पिट्सबर्गला १९१५, १६, १७ अशी सलग तीन वर्षं एकही मॅच हरला नाही, मग स्टॅनफर्ड, मग टेंपल. सगळे मिळून तीनशेच्या वर विजय. माझ्या दृष्टीने सुरुवातीच्या कोचमध्ये याच्याइतकं सुपीक डोकं दुसरं नाही.

रेवा_पीए
मैदानवेडा, तुम्ही छान लिहिलंय पण कार्लाइल काय होतं ते सांगितल्याशिवाय हे अर्धंच राहतं, आणि ताईंना अर्धवट नकोय. मी हॅरिसबर्गजवळ राहते, कार्लाइल आमच्यापासून अर्ध्या तासावर, दोनदा जाऊन आलेय.

ते साधं कॉलेज नव्हतंच. १८७९ ला रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली सरकारी निवासी शाळा. मूळ रहिवाशांची मुलं हजारो मैलांवरून ट्रेनने आणायची, आल्या आल्या केस कापायचे, स्वतःच्या भाषेत बोलायची बंदी, नाव बदलायचं. प्रॅटचं वाक्यच होतं की त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा. आमच्या आजीचे केस शाळेत कुणी जबरदस्तीने कापले असते आणि मराठी बोलली म्हणून मार दिला असता तर, हा एकच विचार तिथे उभं राहिल्यावर डोक्यात येत राहतो. दीडशेहून जास्त मुलांची थडगी आहेत तिथे, पांढऱ्या दगडांच्या रांगा. गेल्या काही वर्षांत एकेका मुलाचे अवशेष त्यांच्या जमातीचे लोक येऊन घरी घेऊन जातायत.

अशा शाळेची टीम हार्वर्डला भिडत होती, हजारो लोक तिकीट काढून बघायला येत होते आणि तो पैसा शाळेच्या अॅथलेटिक असोसिएशनमध्ये जात होता, तिथे शब्द वॉर्नरचा. १९१४ ला गस वेल्च या खेळाडूने पुढाकार घेऊन मुलांच्या सह्या गोळा केल्या आणि काँग्रेसची, म्हणजे इकडच्या संसदेची, समिती चौकशीला आली. मुलांनी तिथे सांगितलं की वॉर्नर शिवीगाळ करतो, हात उगारतो. शाळेचा प्रमुख, सुपरिंटेंडंट फ्रीडमन, याला जावं लागलं, आणि वॉर्नर तो सीझन संपवून पिट्सबर्गला गेला. पुढचं मैदानवेडांनी लिहिलंच आहे, त्याची कीर्ती वाढतच गेली. शाळा १९१८ ला बंद पडली.

आता थॉर्प. ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा. १९०७ मध्ये काही मुलं उंच उडीचा सराव करत होती, बार कुणाला जमेना, हा बाजूने चाललेला, त्याने कामाच्या कपड्यांतच उडी मारली आणि सहज पार झाला. वॉर्नरच्या कानावर गेलं आणि तिथून त्याची कारकीर्द सुरू झाली. १९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) दोन्हीचं सुवर्ण. जानेवारी १९१३ मध्ये पेपरात आलं की १९०९-१० ला तो नॉर्थ कॅरोलिनात थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता, म्हणजे हौशी खेळाडू नाही, आणि तेव्हा ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. उन्हाळ्यात असे पैसे घेऊन खेळणारी कॉलेजची मुलं खूप होती, बरेच जण खोटं नाव लावायचे, थॉर्पने स्वतःचंच लावलं होतं.

वॉर्नर आणि फ्रीडमन म्हणाले आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तुमचा सगळ्यात मोठा खेळाडू दोन वर्षं गायब असतो, १९११ ला तुम्हीच त्याला परत बोलावता, आणि तो कुठे होता ते माहीत नाही? माझा नाही विश्वास बसत. मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, मला हे नियम कळत नव्हते, असं पत्र थॉर्पच्या नावाने गेलं, ते लिहिण्यात वॉर्नरचा हात होता असं बरेच अभ्यासक मानतात. नियमाप्रमाणे आक्षेप ३० दिवसांत घ्यायला हवा होता, तोही कुणी पाहिला नाही. मेडलं गेली. अशा वेळी कोचने पोराच्या बाजूने उभं राहायचं असतं, याने स्वतःला वाचवलं. हे मी त्याला माफ करू शकत नाही.

मैदानवेडा
रेवाताई, पत्राबद्दल तुमच्याशी वाद नाही, ते मलाही खुपतं. फक्त एवढंच म्हणेन की त्या जिंकण्याचं श्रेय शाळेला किंवा एकट्या वॉर्नरला देऊन पोरांचं कमी करू नका. १९११ ला हार्वर्डला १८-१५ ने हरवलं तेव्हा थॉर्पच्या पायाला बँडेज होतं. तेव्हा फील्ड गोलचे (किक मारून बॉल गोलपोस्टमधून घालवणं) ३ आणि टचडाऊनचे (बॉल गोललाइनपार नेणं) ५ पॉइंट, त्याच्या चार किकचे १२, टचडाऊनचे ५ आणि टचडाऊननंतरच्या किकचा एक, असे अठरा. आणि ९ नोव्हेंबर १९१२ ला वेस्ट पॉइंटवर आर्मीला, म्हणजे तिथल्या लष्करी अकादमीच्या टीमला, २७-६! समोर भावी लष्करी अधिकारी, त्यात आयझेनहॉवर पण, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. वुंडेड नीला अमेरिकी सैन्याने मूळ रहिवाशांचं हत्याकांड केलं त्याला जेमतेम २२ वर्षं झाली होती. त्या पोरांना त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो.

शरयू_एडिसन
दोघांचे खूप खूप आभार, दोनदा वाचलं. पण मग लहान मुलांच्या लीगला त्यांचं नाव कसं पडलं?

मैदानवेडा
लीग त्यांनी काढलेलीच नाही. १९२९ ला फिलाडेल्फियात जो टॉमलिनने पोरं रिकामी हिंडून कारखान्यांच्या काचा फोडतात म्हणून सुरू केली. वॉर्नर टेंपलला कोच म्हणून आले तेव्हा टॉमलिनने बऱ्याच कोचना भाषणाला बोलावलं होतं, त्या रात्री हवा इतकी खराब की बाकी कुणी आलंच नाही, हे एकटे आले आणि पोरांशी दोन तास बोलले. १९३४ ची गोष्ट. त्यानंतर लीगला त्यांचं नाव दिलं.

शरयू_एडिसन
काल रात्री लेकाला सगळं सांगितलं, जर्सीतला बॉल पण आणि मेडलं पण. बॉलची गोष्ट त्याने तीनदा सांगायला लावली. मग म्हणाला, थॉर्पला मेडल परत दिलं का गं? म्हटलं दिलं, पण तो १९५३ ला गेला, आणि घरच्यांना प्रतिकृती मिळाल्या १९८३ ला, आणि एकटाच विजेता म्हणून नाव लागलं २०२२ ला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला आपण त्या शाळेत जाऊया. रेवा, तिथे आत जाता येतं का?

रेवा_पीए
येतं गं. ते अजूनही आर्मीच्या ताब्यात आहे त्यामुळे मोठ्यांनी फोटो आयडी जवळ ठेवायचं, आणि गेटवर पास कसा मिळतो ते आधी वेबसाइटवर बघून घे. डिसेंबर २०२४ ला त्या शाळेला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलंय. थडग्यांच्या दगडांवर मुलं खेळणी, नाणी ठेवतात, तुझ्या लेकाला काही ठेवावंसं वाटलं तर घेऊन ये. एडिसनहून तीन तास लागतील, जेवायला आमच्याकडेच या.