जुन्या इंग्लिश पॉप गाण्यांची नवी कव्हर्स कशी शोधायची? (पैसे न घालता, फोनवरच)

पोदेर_साळगाव: साठ ते ऐंशीच्या दशकांतली इंग्लिश पॉप गाणी दुसऱ्या कलाकारांच्या नव्या आवाजात, नव्या वाद्यमेळात (म्हणजे कव्हर्स) ऐकायची आहेत. शोधलं की कॅरिओके, 'स्लोड-रिव्हर्ब' (मूळ गाणंच संथ करून घुमवलेलं) आणि एआयने चिकटवलेले आवाजच वर येतात. खर्च शून्य हवा. कुणाकडे काही युक्ती?

घुमट_वाजप: आधी डॅक (फोनमधला डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारी डबी) घे, सात-आठ हजारांत बरा येतो, आणि वायरवाला हेडफोन. ब्लूटूथवर कव्हरमधला फरक काय डोंबल कळणार?

मांडवीपार: शून्य म्हणालाय तो! सेकंडहँडसाँग्ज ही वेबसाइट उघड. गाण्याचं नाव घाल, गायकाच्या नोंदीवर न जाता 'वर्क'वर (म्हणजे मूळ रचनेच्या नोंदीवर) जा, आणि आवृत्त्यांची यादी तारखेने लाव. मूळ कुणाचं तेही तिथेच कळतं. 'टेंटेड लव्ह' सॉफ्ट सेलचं समजतात, पण १९८१चं ते स्वतःच कव्हर. आधी ग्लोरिया जोन्सने गायलेलं. नोंदी माणसं हाताने भरतात, म्हणून अगदी ताजं तिथे सहसा सापडत नाही.

फोंडेकरीण: ताज्यासाठी यूट्यूबच, पण शोध नीट लिहायचा. सगळं इंग्रजीत: दुहेरी अवतरणात गाण्याचं नाव, मग 'कव्हर', मग 'आफ्टर', लगेच कोलन आणि तारीख २०२४-०१-०१ अशी. शेवटी वजाचं चिन्ह लावून कॅरिओके, स्लोड, रिव्हर्ब, एआय. वजा आणि शब्द यांत जागा सुटली की तो शब्द वगळला जात नाही, उलट शोधला जातो. 'लिरिक्स' मात्र वगळू नकोस. बऱ्याच चांगल्या कव्हरच्या शीर्षकात तो असतो.

शिगमो_दोतोर: सेकंडहँडसाँग्ज अजून कोणी सांगितलं नाही म्हणजे आश्चर्यच. तारखेने यादी लावता येते.

मांडवीपार: वर बघ रे पात्रांव.

सासष्टीकार: एकेक गाणं कशाला शोधायचं? रेडिओची सत्रं धर. ऑस्ट्रेलियाच्या ट्रिपल जेचं 'लाइक अ व्हर्जन' २००४पासून चालू आहे, बीबीसी रेडिओ १चं 'लाइव्ह लाउंज' आहे. पाहुणा बँड आपलं एक गाणं वाजवतो आणि दुसऱ्याचं एक. स्टुडिओत खरंखुरं वाजवलेलं असतं, म्हणून मांडणी बदललेली मिळते. दोन्ही यूट्यूबवर फुकट.

फोंडेकरीण: नावांच्या गोंधळाचं कोणी बोललंच नाही. 'द पॉवर ऑफ लव्ह' ही तीन वेगळी गाणी आहेत: जेनिफर रश आणि फ्रँकी गोज टू हॉलिवूड १९८४, ह्यूई लुइस १९८५. सेलीन डियॉनचं १९९३चं त्यांतल्या जेनिफर रशचं कव्हर. नुसत्या नावाने शोधलंस तर तिन्ही एकत्र येतील. शोधात संगीतकाराचं आडनाव जोड, नाहीतर श्रेय-यादी उघडून गीतकार जुळतो का बघ.

शिगमो_दोतोर: जेफ बकलीच्या 'हॅलेलुया'पेक्षा चांगलं कव्हर होणं नाही.

मांडवीपार: ते कव्हरवरून केलेलं कव्हर. मूळ लिओनार्ड कोहेनचं १९८४, मग जॉन केल १९९१, बकली १९९४. बकलीने केलची मांडणी घेतली, आणि पुढचे बहुतेक गायक त्याच वाटेने जातात. ताजं हवं तर केलच्या वाटेने न गेलेलं शोध.

घुमट_वाजप: हेडफोन घे म्हटलं ते कोणी मनावर घेतच नाही.

सासष्टीकार: एक गाळणी सांगतो. मूळ गाणं आणि कव्हर यांची लांबी पाच सेकंदांच्या आत जुळली आणि सुरुवातीचा तुकडाही तोच असला, तर बहुधा हुबेहूब नक्कल. 'मेड फेमस बाय', 'इन द स्टाइल ऑफ', 'ट्रिब्यूट' ही शीर्षकंही सोडून दे. लांबी, ठेका किंवा पट्टी, यांतलं काहीतरी बदललेलं हवं.

शिगमो_दोतोर: स्वतः रेकॉर्ड करून विकणार असलास तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी वाच. मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते.

फोंडेकरीण: त्याला ऐकायचंय हो, विकायचं नाही!

पोदेर_साळगाव: सगळ्यांना देव बरें करूं. वजाची चिन्हं, श्रेय-यादी एवढं माझ्याच्याने व्हायचं नाही. एका पोराने बोसा नोव्हा (ब्राझीलची संथ, हलक्या ठेक्याची शैली) कव्हर्सची दोन तासांची जोडमाळ पाठवली आहे, तीच लावतो.

सासष्टीकार: अरे, ते तर हॉटेलच्या लॉबीतलं संगीत!

पोदेर_साळगाव: छान आहे की. घुमट बाब, हेडफोन तुझाच उसना दी.